चक्कर म्हणजे कमजोरी नव्हे

आपल्या घरांत ‘चक्कर येते’ हे वाक्य रोज कुणी ना कुणी बोलत असते. रोज्यात असरनंतर उठताना चक्कर येते. उन्हात कांदा काढताना येते. भीमाशंकरच्या वळणांवर एसटीत येते. म्हातारपणी तर ती येणारच, असे आपण धरूनच चालतो. उत्तरेही ठरलेली असतात. कमजोरी आहे, बीपी वाढले असेल, पित्त झाले, मानेच्या मणक्यात गॅप पडला, नजर लागली.

यातले एखादे कारण कधी खरे असतेही. पण चक्करेचा एक प्रकार असा आहे, की त्याला यातले एकही लागू पडत नाही. ही चक्कर कानातून येते. अंथरुणावर कूस बदलली, मान वर करून फळीवरचा डबा काढला किंवा सजद्यात गेले, की घर गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते. तिचा खरा इलाज गोळीत नाही. डोके ठरावीक क्रमाने फिरवण्यात आहे. गेल्या हिवाळ्यात हा आजार मला झाला. तो ओळखला जायला पाच आठवडे लागले आणि उतरायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. या काळात जे समजले, ते आपल्या भगिनींच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून लिहिते आहे.

एक शब्द, तीन तक्रारी

मी शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते. त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. ‘चक्कर’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या तक्रारी कोंबतो.

पहिली म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येणे. बसल्या जागेवरून एकदम उठल्यावर, अंगात रक्त कमी असताना, दिवसभर पाणी न पिता उन्हात राहिल्यावर किंवा रक्तदाबाची गोळी जास्त झाल्यावर मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते आणि बेशुद्ध पडू असे वाटते. दुसरी म्हणजे तोल जाणे. डोके ठिकाणावर असते, पण पाय डगमगतात. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाचे असे होते. तिसरी म्हणजे गरगरणे. आपण जागेवर असतो आणि भिंती, छत, कपाट एकाच दिशेने धावू लागतात. या तिसऱ्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा आतल्या कानात असते.

हा फरक आजचा नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात डोक्याच्या आजारांमध्ये ‘सदर’ आणि ‘दुवार’ अशी दोन नावे घेतली. सदर म्हणजे डोळ्यांपुढे अंधार दाटून येणे आणि दुवार म्हणजे भोवतालच्या वस्तू फिरताना दिसणे. युनानी हकीम आजही गरगरण्याला ‘दौरान-ए-सर’ म्हणतात. आपल्या मराठीतही अंधारी आणि गरगरणे हे शब्द वेगळे आहेत. दवाखान्यात गेल्यावर मात्र आपण सगळ्यांसाठी ‘चक्कर’ हा एकच शब्द वापरतो आणि तपास तिथेच चुकीच्या वाटेला लागू शकतो.

उंचावरून डोळे फिरणे ही आणखी निराळी गोष्ट. नाणेघाटाच्या कड्यावरून खाली कोकणात पाहिले की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. नजरेला धरून राहायला जवळ काहीच नसते म्हणून तसे होते. तो आजार नव्हे. एसटीत गाडी लागते, तेव्हा मात्र कानाचा संबंध असतो. कान सांगतो की आपण वळतो आहोत, हलतो आहोत. डोळे समोरच्या सीटवर खिळलेले असतात, ते सांगतात की सगळे स्थिर आहे. या भांडणात मळमळ सुरू होते. खिडकीतून दूर पाहिले की बरे वाटते, कारण मग डोळे आणि कान एकच साक्ष देतात.

पाच आठवडे

मी जुन्नरला राहते आणि आंबेगाव तालुक्यातल्या शाळेत शिकवते. रोजचा प्रवास नारायणगाव मार्गे एसटीने. डिसेंबरमध्ये एका पहाटे फजरच्या अजानने जाग आली, उजव्या कुशीवर वळले आणि खोली फिरू लागली. डोळे मिटले तरी फिरणे थांबेना. अर्ध्या मिनिटाने सगळे शांत झाले, पण उलटी झाली. वजू करून नमाजला उभी राहिले. कयाममध्ये काही नाही, रुकूत थोडे, आणि सजद्यात गेले तशी जमीन पुन्हा कलली. जानमाजच्या दोन्ही कडा घट्ट धरून ती रकात पूर्ण केली.

त्याच दिवशी दवाखाना गाठला. बीपी ठीक, शुगर ठीक. सलाईन लावले, इंजेक्शन दिले, गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी गुंगी यायची आणि मळमळ कमी व्हायची. कूस बदलली की गरगरणे तसेच. शाळेत फळ्यावर वरच्या ओळीत तारीख लिहायला मान वर केली की खडू हातात राहायचा आणि हात फळ्याचा आधार शोधायचा. मुले घाबरू लागली. दुसऱ्या एका दवाखान्यात मानेचा एक्स-रे निघाला, मणक्यांची थोडी झीज दिसली आणि गळ्यात पट्टा आला. चाळिशीनंतर एक्स-रे काढला तर अशी झीज कितीतरी निरोगी माणसांतही दिसते, हे मला नंतर कळले. शेवटी मेंदूचा एमआरआय काढा, असे सांगण्यात आले. घरात ‘मेंदू’ हा शब्द निघाला आणि अम्मीचे जेवण सुटले.

एमआरआयच्या आधी एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवू, असे मुलांच्या अब्बूंनी ठरवले. आम्ही पुण्याला एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी हात लावण्याआधी प्रश्न विचारले. “मॅडम, चक्कर म्हणजे नेमके काय होते? तुम्ही फिरता की घर फिरते? किती सेकंद? कोणत्या कुशीवर? ऐकू कमी येते का? कानात शिट्टीसारखा आवाज येतो का?” मी एकेक सांगत गेले. उत्तरे ऐकूनच त्यांचा अंदाज बांधला गेला असावा. मग म्हणाले, “या टेबलावर बसा. काहीही झाले तरी डोळे मिटू नका.”

कानातली पाण्याची नळी

पुढे काय झाले ते समजण्यासाठी आतल्या कानाची रचना पाहावी लागेल. घर बांधताना गवंडी एका पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी तपासतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. अल्लाहने आपल्या प्रत्येक कानात अशा तीन बारीक अर्धगोल नळ्या ठेवल्या आहेत. खोलीच्या कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, तशा या तीन नळ्या तीन दिशांना असतात. त्यांत द्रव असतो. डोके कुठेही वळले की द्रव मागे रेंगाळतो, नळीच्या टोकाशी असलेल्या नाजूक पेशी त्याने वाकतात आणि मेंदूला कळते की डोके अमुक दिशेने फिरले.

नळ्यांच्या शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत चिकट थरावर अतिसूक्ष्म खडे बसवलेले असतात. ते कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडी ज्या पदार्थाची असते त्याच पदार्थाचे असतात. डोके कलले की त्यांच्या वजनाने थर सरकतो आणि वर-खालीची जाणीव होते. वाढत्या वयात, डोक्याला मार लागल्यावर, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यावर, आणि कित्येकदा काहीही कारण नसताना यातले काही खडे सुटतात आणि घरंगळत शेजारच्या नळीत जातात. बहुधा मागच्या बाजूच्या नळीत, कारण ती सर्वांत खाली असते.

गवंड्याच्या नळीत वाळू शिरली तर पातळी कशी कळणार? इथेही तेच होते. माणूस कूस बदलतो, नळीतले खडे घरंगळतात, द्रवाला ओढतात, आणि डोके थांबले तरी हा कान मेंदूला सांगत राहतो की आपण फिरतो आहोत. दुसरा कान म्हणतो, नाही. खडे तळाला जाऊन बसले की फिरणे थांबते. म्हणून ही चक्कर मिनिटाच्या आत संपते आणि पुन्हा तीच हालचाल केली की परत येते.

या आजाराचे नाव लांबलचक आहे: बिनाइन पॅरोक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो. जिवाला धोका नसलेली, झटक्याने येणारी, डोक्याच्या स्थितीवर अवलंबून असलेली गरगर, असा त्याचा अर्थ. डॉक्टर थोडक्यात बीपीपीव्ही म्हणतात. यातल्या ‘बीपी’चा रक्तदाबाशी काही संबंध नाही, हे मला गावी आल्यावर निदान वीस जणांना समजवावे लागले.

तपासणी आणि इलाज

डॉक्टरांनी मला टेबलावर पाय लांब करून बसवले, डोके उजवीकडे अर्धे वळवले आणि झटकन पाठीवर निजवले, डोके टेबलाच्या कडेखाली थोडे लोंबते ठेवून. दोन-तीन सेकंद काही नाही. मग सगळे फिरू लागले. ते माझ्या डोळ्यांकडे पाहत होते. अशा वेळी बुबुळे आपोआप झटके देत हलतात आणि त्या झटक्यांच्या दिशेवरून कोणत्या कानाची कोणती नळी बिघडली ते कळते. रक्त तपासावे लागत नाही, यंत्र लागत नाही. डावीकडे तसेच केले, तेव्हा काहीच झाले नाही. उजव्या कानाची मागची नळी, निदान झाले.

इलाज तिथेच सुरू झाला. उजवीकडे वळलेले, लोंबते डोके त्यांनी चक्कर थांबेपर्यंत धरून ठेवले. मग हळूच डावीकडे वळवले. थोड्या वेळाने मला डाव्या कुशीवर वळायला सांगितले, इतके की तोंड जमिनीकडे झाले. पुन्हा थांबलो. मग आधार देऊन उठवून बसवले. हेतू एवढाच, की नळी क्रमाक्रमाने फिरवत खडे ज्या वाटेने आत आले तिथून बाहेर, पुन्हा पिशवीत पाडायचे. बहुतेक रुग्णांना एक-दोन वेळा केल्यावर आराम पडतो. मला दोनदा करावे लागले, दुसऱ्यांदा आठवड्याने. पुढे चार दिवस चालताना गादीवर पाय ठेवल्यासारखे वाटत होते, तेही गेले.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने या आजारासाठी २०१७ मध्ये सुधारित सूचना काढल्या. नुसत्या या आजाराच्या खुणा असतील तर सरसकट स्कॅन काढू नये, चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांनी इलाज करू नये, खडे जागी बसवावेत, असे त्या सांगतात. दोन रात्री बसून झोपा, मान हलवू नका, हे जुने निर्बंधही त्यांनी अनावश्यक ठरवले. मळमळ फार असेल तर गोळी दोन दिवस साथ देते. पण ती खडे हलवत नाही, आणि महिनोन्महिने चालू ठेवली तर तोल सावरायला शिकण्याचे मेंदूचे कामच मंदावते.

हे ज्ञान सहज मिळालेले नाही

गरगरणे हा मेंदूचा रोग नसून आतल्या कानाचा असू शकतो, असे पॅरिसचे डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये मांडले. त्याआधी अशा रुग्णांकडे मेंदूत रक्त साकळलेले किंवा फेफरे आलेले म्हणून पाहिले जाई. पुढे व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बाराणी रुग्णांचे कान पिचकारीने धुताना पाहत असत, की पाणी फार थंड किंवा फार गरम असले की रुग्णाला गरगरते आणि बुबुळे हलतात. थंड पाण्याने एका दिशेला, गरम पाण्याने उलट दिशेला. यावरून त्यांनी आतल्या कानाची परीक्षा शोधली. त्यासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल मिळाले, पण त्याची बातमी आली तेव्हा ते पहिल्या महायुद्धात पकडले जाऊन रशियाच्या कैदेत होते. मार्गरेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये लंडनमध्ये ती निजवण्याची परीक्षा पक्की केली. आणि डोके फिरवून खडे जागी बसवण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९८० मध्ये सहकाऱ्यांपुढे मांडली. डोके फिरवून आजार जातो, यावर कुणाचा विश्वास बसेना. त्यांचा निबंध छापून यायला १९९२ साल उजाडले. आज जगभर हीच पद्धत वापरतात.

नमाजचे काय?

ज्या हालचालींनी ही चक्कर येते, त्यांतल्या बऱ्याच नमाजमध्ये आहेत. रुकूत वाकणे, सजद्यात जाणे, त्यातून उठणे, सलाम फेरताना मान वळवणे. म्हणून आपल्या घरांत हा आजार आधी जानमाजवर लक्षात येतो, आणि मनाला लागतोही तिथेच. अशा वेळी दीनने दिलेली सवलत आठवावी. सहीह बुखारीत हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची हदीस आहे. ते आजारी असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभे राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर निजून नमाज अदा करायला सांगितले. सजदा शक्य नसेल तर इशाऱ्याने करता येतो. इलाज होईपर्यंत खुर्चीवर बसून नमाज पढण्यात कमीपणा नाही. मात्र खुर्चीची सवलत मिळाली म्हणून इलाज सोडून देऊ नये, हेही तितकेच खरे.

हे मी घोडेगावच्या माझ्या फुफींवरून सांगते. त्यांची सत्तरी उलटली आहे. सहा वर्षे त्या तीन उशांना टेकून, जवळजवळ बसून झोपत. उजव्या कुशीवर कधी वळत नसत. लग्नाला जात नसत, तान्ह्या नातवाला उचलून घेत नसत. घरातले सगळे म्हणत, “उमर झाली, कमजोरी आहे.” टॉनिकच्या बाटल्या संपल्या, तावीज झाले. सजदा सुटला याचे दुःख त्या कुणाला सांगत नव्हत्या. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी तेवढे डोळे पुसत. माझा आजार ऐकून त्या म्हणाल्या, “बेटी, मलाही असेच होते.” त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेले. टेबलावर निजवताच बुबुळे हलू लागली. माझ्यासारखीच उजवी बाजू. तीन बैठका लागल्या. आता त्या एका उशीवर झोपतात. नव्या भीतीने हळू हळू, एक हात जमिनीवर टेकत, पण सजदा करतात. सहा वर्षांची ‘कमजोरी’ कानातले चार खडे निघाले.

म्हातारपणी हा आजार अंगावर काढण्यात आणखी एक धोका आहे. पहाटे अंधारात वजूला उठलेला माणूस पडला तर खुबा मोडतो, आणि मोडलेला खुबा कित्येकांना कायमचे अंथरुणाला खिळवतो. तोल सांभाळायला कान, डोळे आणि तळपाय अशा तिघांची साक्ष लागते. अंधारात डोळ्यांची साक्ष जाते. म्हणून ज्यांना चक्कर येते त्यांच्या खोलीत आणि न्हाणीघरात रात्रभर लहान दिवा ठेवावा. उठताना आधी मिनिटभर कडेला बसावे. चक्कर पूर्ण थांबेपर्यंत शिडी, विहिरीचा काठ, मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांपासून दूर राहावे.

डॉक्टरांकडे जाताना

ही उत्तरे कागदावर लिहून न्यावीत:

१. अंधारी येते, तोल जातो की घर फिरते?

२. किती वेळ टिकते? सेकंद, तास की दिवस?

३. कोणत्या हालचालीने येते? कोणत्या कुशीवर?

४. सोबत ऐकू कमी येणे, कानात आवाज, कान भरल्यासारखा वाटणे, डोकेदुखी आहे का?

५. कोणत्या गोळ्या, इंजेक्शने चालू आहेत? जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून ती घेतली असतील तर जरूर सांगावे.

कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल तर बहुधा खडे. तासन्तास गरगरून ऐकू कमी येत असेल आणि कानात आवाज असेल तर तो मेनिएर यांच्या नावाचा आजार असू शकतो. त्यात मीठ कमी करतात आणि औषधे वेगळी असतात. एकदा सुरू होऊन दिवसचे दिवस सलग गरगरत राहिले तर तोलाच्या शिरेला सूज आलेली असू शकते. प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. म्हणूनच मोबाइलवर पाहून घरीच डोके फिरवू नये. कोणता कान, कोणती नळी हे आधी डॉक्टरांना ठरवू द्यावे. मानेचे किंवा मणक्याचे दुखणे असेल तर तेही सांगावे. सरकारी दवाखान्यात जायचे तर पुण्याच्या ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे.

आणि काही खुणा अशा, की थांबायचेच नाही. चक्करेसोबत बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, अजिबात चालता न येणे किंवा पूर्वी कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करावा.

हा आजार काही वर्षांनी पुन्हा होऊ शकतो. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की ज्यांच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व कमी आहे त्यांना ते कॅल्शियमसोबत दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण घटते. आपल्या घरांतल्या बायकांना अंगावर ऊन कमीच मिळते, म्हणून ही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

घरातली एखादी बुजुर्ग बाई उशा रचून बसून झोपत असेल, एका कुशीला घाबरत असेल, सजदा टाळत असेल, तर तिला टॉनिक आणून देण्याआधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, “नेमके काय होते?” कित्येक वर्षांत तिला हे कुणी विचारलेले नसते.